सेल्फ चेकआउट: आईला रडू आलं, आणि मी मात्र रोज तेच मशीन वापरते

मानसी_रेडिंग | ५ जानेवारी, रात्री १०:१५

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, इथे इंग्लंडात रेडिंगला आलीये, साताऱ्याहून. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढी लांब राहायला आलीये. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत, त्यामुळे दुपारचं तिला घर खायला उठतं. पण तिने पहिल्याच महिन्यात स्वतःहून एक सवय लावून घेतली, चालत दहा मिनिटांवर सुपरमार्केट आहे तिथे जायचं, दूध, केळी, कोथिंबीर अशा दोनतीनच वस्तू घ्यायच्या आणि टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, एक साठीच्या बाई असतात त्यांच्याच रांगेत उभं राहायचं. आईचं इंग्रजी जेमतेम आणि त्या बाईंना मराठी कुठून येणार, तरी त्यांचं जमायचं. कोथिंबिरीच्या दोन जुड्या बघून त्यांनी विचारलं की एवढ्याचं करता काय, आईने हातवारे करून वड्या सांगितल्या. घरी आली की मला रिपोर्ट, आज माझी मैत्रीण होती, आज नव्हती, आज तिचा गुडघा दुखत होता.

नोव्हेंबरात त्या दुकानात रंगरंगोटी झाली आणि पाच टिल होते तिथे दोन राहिले. बाकी जागेत सेल्फ चेकआउट, म्हणजे आपणच वस्तू स्कॅन करून पैसे भरायची मशीनं. दुपारी तर त्या दोनमधलाही एकच चालू असतो, कधी कधी तोही नाही.

तर गेल्या महिन्यात आई एकटी गेली, टिल बंद, तिथल्या मुलाने तिला मशीनकडे पाठवलं. तिने आपली खणाची पिशवी, जी ती साताऱ्याहून घेऊन आलीये, ती त्या वजनाच्या जागेवर ठेवली. लगेच मशीन बोलायला लागलं, वरचा दिवा लाल, आई घाबरली, पिशवी उचलली तर ते आणखी बोलायला लागलं, मागे माणसं उभी. मुलगा आला, कार्ड लावून काहीतरी दाबलं आणि काही न बोलता पिशवीत डोकावून बघून गेला. संध्याकाळी मी घरी आले तर आई गप्प. जेवताना म्हणाली, "मला चोर समजले का गं ते?" आणि डोळ्यांत पाणी. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे हो ती.

तेव्हापासून ती एकटी जात नाही.

आता माझी गोची अशी की मी स्वतः रोज संध्याकाळी स्टेशनवरून येताना त्याच दुकानात जाते, दूध आणि ब्रेड घेते, मशीनवर टिकटिक करून दोन मिनिटांत बाहेर. मला ते आवडतं, थकलेलं असताना कोणाशी बोलायला नको वाटतं, रांग पटापट सरकते. म्हणजे टिल बंद पडायला मीही हातभार लावतेच आहे ना? आईची मैत्रीण माझ्यासारख्यांमुळेच कमी दिसायला लागली असं सारखं वाटतंय.

तुम्ही काय करता? आणि आईवडील येतात तेव्हा त्यांचं काय होतं?

खारी_बिस्कीट | ५ जानेवारी, रात्री ११:०२

वाचून पोटात तुटलं. काकूंना नमस्कार सांगा. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, ते तर नंतर गाडीतच बसून राहायचे, आत यायचेच नाहीत.

रविवारची_भाजी | ६ जानेवारी, रात्री १२:४०

मानसी, मी लेस्टरला असते आणि मी त्या लाल दिव्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून शिफ्ट संपवून आल्या आल्या लिहितेय.

आधी काकूंना हे सांग. लाल दिवा म्हणजे चोरी नाही. त्या मशीनच्या खाली काटा असतो आणि प्रत्येक बारकोडमागे कॉम्प्युटरात वजन लिहिलेलं असतं. दुधाची बाटली स्कॅन केली की काटा तेवढ्याच वजनाची वाट बघतो. जास्त आलं, कमी आलं, काहीच नाही आलं की ते अडतं. स्वतःची पिशवी ठेवली की त्याला वाटतं स्कॅन न केलेली वस्तू आली. आणि पिशवी उचलली की वजन गेलं म्हणून परत ओरडतं. ग्रीटिंग कार्ड, मसाल्याची पुडी असल्या हलक्या वस्तूंना तर कित्येकदा त्याला कळतच नाही काही ठेवलंय म्हणून. यात माणसाचा काही संबंध नाही, तिथे कोणीही असतं तरी तो दिवा लागलाच असता. पहिल्यांदा स्क्रीनवर "माझी पिशवी आहे" असं बटण असतं ते दाबायचं, मग रिकामी पिशवी ठेवायची, एक क्षण थांबायचं आणि मगच पहिली वस्तू. एवढंच.

तो मुलगा काही न बोलता गेला ते मात्र चुकलंच त्याचं. पण मी त्याच्या जागी रोज असते म्हणून सांगते, एकट्याकडे दहा मशीनं असतात. एकीकडे वाइन आहे, पंचविशीच्या आतला वाटला तर ओळखपत्र बघायचं. दुसरीकडे कोणी पॅरासिटामॉल घेतलंय, त्याला मंजुरी लागते आणि दोन पाकिटांच्या वर द्यायचं नाही. तिसरीकडे पिवळ्या लेबलचा ब्रेड, स्वस्त केलेला, त्याचा जुनाच बारकोड स्कॅन झाला म्हणून गिऱ्हाईक चिडलंय. चौथीकडे सुट्टे पैसे घेऊन आजोबा उभे आणि ते मशीन फक्त कार्डवालं. टिलवर बसायचे तेव्हा एका वेळी एक माणूस समोर असायचा, त्याच्याकडे बघून हसता यायचं. आता मी दिवसभर फक्त अडलेल्या माणसांकडे जाते. ज्याचं सुरळीत झालं तो माझ्याशी बोलतच नाही, ज्याचं अडलं तो रागावलेलाच असतो. अशी नोकरी करून बघा एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या मुलांशी पण बोलावंसं वाटत नाही.

मी २०११ साली नवऱ्याच्या व्हिसावर आले. केमिस्ट्रीत एमएस्सी, पण फोन आला की हात थरथरायचे, समोरचा काय बोलतोय तेच कळायचं नाही. टिलने मला इंग्रजी शिकवलं. लोक थांबायचे, परत सांगायचे, एक आजी मला रोज एक शब्द शिकवून जायच्या. आमच्याकडच्या किती बायकांची इथली पहिली नोकरी टिलवरची होती ते मोजा. आता नवीन आलेल्या मुलीला ती पायरीच नाहीये.

आणि सगळ्यांना वाटतं तसं कोणाला काढून टाकत नाहीत. कोणी सोडून गेलं की ती जागा भरत नाहीत, तासच कमी करतात. म्हणून कोणाला दिसत पण नाही.

तू मशीन वापरतेस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण दुकानात सांग, लिहून दे, दुपारी टिल चालू ठेवा म्हणून. आम्ही सांगून काही होत नाही, गिऱ्हाइकाने लिहिलं की मीटिंगमध्ये वाचतात.

यमन | ६ जानेवारी, सकाळी ८:२०

वरचं सगळं पटलं तरी दुसरी बाजू लिहितो, कारण असे धागे शेवटी "मशीनं काढून टाका"वर जातात.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. टिलवर अनोळखी माणूस त्याला "कसा आहेस" विचारतो तेव्हा त्याच्यासाठी तो खरोखरचा प्रश्न असतो, त्याचं खरं उत्तर शोधण्यात तो अडकतो, मागची रांग वाढते, मग सगळं बिघडतं. मशीन रोज तेच वाक्य त्याच क्रमाने बोलतं. दोन वर्षांपूर्वी त्याने आयुष्यातली पहिली खरेदी एकट्याने केली ती सेल्फ चेकआउटवर, एक चॉकलेट आणि एक पेन्सिलींचा बॉक्स. मी दारापाशी उभा होतो. तो पावती हातात घेऊन आला तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

काकूंना जो टिल हवा आहे तो माझ्या मुलाला नको आहे. दोघांनाही दुकानात जायचा हक्क आहे. भांडायचं असेल तर दुसरं काही काढण्यासाठी नको, आपल्याला हवं ते ठेवण्यासाठी भांडा.

रविवारची_भाजी | ६ जानेवारी, दुपारी २:०५

यमन, अगदी मान्य. आमच्याकडे पण अशी दोनतीन मुलं येतात, मी मुद्दाम लांब उभी राहते आणि दिवा लागला तर न बोलता सोडवून जाते. आता लिहिताना लक्षात आलं, मानसीच्या आईकडे आलेल्या मुलानेही कदाचित असंच काही मनात धरलं असेल.

जुना_बाजार | ६ जानेवारी, दुपारी ४:३०

मला या विषयाचा इतिहास वाचायची आवड आहे म्हणून थोडं लिहितो. दुकानात आपण स्वतः फळीवरून वस्तू उचलतो हेसुद्धा कधीतरी नवीनच होतं. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस गावात क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं, तोपर्यंत आपल्या वाण्याकडे असतं तसंच होतं, गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, यादी द्यायची, नोकर माल काढून देणार. साँडर्सने टोपली गिऱ्हाइकाच्या हातात दिली. नोकर कमी लागले आणि त्याने भाव कमी ठेवले. मग २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात पहिल्यांदा बारकोड स्कॅन झाला, च्युइंगमचं पाकीट होतं. १९८६ मध्ये अटलांटात गिऱ्हाइकाने स्वतः स्कॅन करायचं मशीन आलं, आणि ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने २००३ च्या सुमाराला आणलं.

मला यात फरक दिसतो तो एवढाच की पहिल्या वेळी कामाच्या बदल्यात गिऱ्हाइकाला काहीतरी मिळालं, वस्तू हातात घेऊन बघता आली, दोन पैसे वाचले. सेल्फ चेकआउटला मी स्कॅन करतो, मीच पिशवी भरतो, पिशवीचे वेगळे पैसे देतो, आणि बिल तेवढंच. वेळ वाचतो म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. टिलवरची बाई आपल्यापेक्षा कितीतरी भराभर स्कॅन करते. मशीनची रांग जलद वाटते कारण आठ मशीनांना मिळून एकच रांग असते, एकजण अडला तरी बाकी सात चालू. टिलवर पुढचा अडला की आपण त्याच्यामागे अडकलोच.

ठाणे_लोकल | ६ जानेवारी, रात्री ९:१०

इथे मुंबईत आमच्याकडे सेल्फ चेकआउट फार नाहीत पण मला हे वाचून रेल्वेची एटीव्हीएम आठवली. स्टेशनवर तिकिटाची मशीनं लावली, स्मार्ट कार्ड काढा आणि स्वतः तिकीट घ्या. लोकांना जमेना, गावाकडून आलेल्याला नकाशावर स्टेशन सापडेना, मागे रांग आणि लोकल तर सुटतेय. मग रेल्वेने मशीनशेजारी माणूस बसवला, बरेचदा निवृत्त रेल्वे कर्मचारी. तुम्ही फक्त "दादर रिटर्न" म्हणायचं, ते काका डोळे मिटून दाबतात आणि तिकीट हातात. म्हणजे खिडकीतला माणूस काढायला मशीन आणलं आणि मशीन चालवायला माणूस आणला. पण खरं सांगू, ती व्यवस्था मला खूप आवडते. ज्याला घाई आहे तो मोबाइलवर काढतो, ज्याला जमत नाही तो काकांकडे जातो, कोणाला लाज वाटत नाही.

आणि अजून एक, आमची आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती, ती पंचायत १९७५ पासूनची. महिन्याचं सामान एका सभासदाच्या घरी येऊन पडायचं आणि सगळ्या जणी मिळून ते वाटून घ्यायच्या, याद्या बघायच्या, हिशोब करायच्या. तेही सेल्फ सर्व्हिसच की! कोणी नोकर नाही, काम सगळं आपणच करायचं. पण त्या दिवशी घरात बारा बायका असायच्या, चहा व्हायचा, कोणाच्या मुलीचं जमलं कोणाचं ऑपरेशन झालं सगळं तिथेच कळायचं. म्हणून मला वाटतं काम स्वतः करावं लागतं हे काकूंचं दुखणं नाहीये, एकटीने करावं लागतं आणि वर कोणीतरी संशयाने बघतं हे आहे.

खारी_बिस्कीट | ६ जानेवारी, रात्री ९:४५

ठाणे_लोकल, शेवटच्या वाक्याला हजार वेळा हो.

जर्सीकर | ७ जानेवारी, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून. इथे गेल्या दोनतीन वर्षांत काटा उलटा फिरलाय. टार्गेट या इथल्या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत सेल्फ चेकआउट दहा वस्तूंपर्यंतच ठेवलं, डॉलर जनरल या दुसऱ्या साखळीने त्याच वर्षी बऱ्याच दुकानांतून काढूनच टाकलं. मुख्य कारण चोरी आणि चुकून राहिलेल्या वस्तू. तुमच्याकडे उत्तर इंग्लंडात बूथ्स म्हणून साखळी आहे त्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची मशीनं काढायचं जाहीर केलं होतं, त्यांनी तर गिऱ्हाइकांना आवडत नाहीत हेच कारण दिलं.

लंडनच्या एमेलीन टेलर म्हणून गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे. एरवी सरळ असलेली माणसं मशीनसमोर अॅव्होकाडोचं गाजर करतात, म्हणजे महागाचं स्वस्त म्हणून दाबतात, आणि स्वतःला चोर समजत नाहीत. समोर माणूस असता तर केलं नसतं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे आणि गंभीर आहे, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी आणि एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी. माझ्या ओळखीच्या एका मुलाची एक वस्तू ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात राहिली, स्कॅन झाली नाही, दारात अडवलं, पोलीस बोलावले. पुढे प्रकरण मिटलं पण वकिलाचे पैसे गेले आणि चार महिने त्याला झोप नव्हती, कारण इथे चोरीचा गुन्हा लागला तर तो थेट व्हिसावर येतो. दहा डॉलरची वस्तू का असेना. टिलवर तीच वस्तू राहिली असती तर ती कॅशियरची चूक होती. मशीनवर ती तुमची चूक होते आणि चूक होती हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. या कामाचं ट्रेनिंग आपल्याला कोणी दिलंय का? म्हणून मी मोठं सामान असलं की कितीही रांग असो टिलवरच जातो. आणि मशीनवर गेलात तर स्क्रीनवरचा आकडा आणि ट्रॉलीतल्या वस्तू मोजा, खालचा कप्पा बघा, पावती घ्याच, आणि आईवडिलांना एकटं पाठवू नका.

डच_पुणेकर | ७ जानेवारी, दुपारी १२:३०

आइंडहोवनहून लिहितोय. आमच्याकडे हातात स्कॅनर घेऊनच दुकानात फिरायचं, वस्तू उचलली की टिक, पिशवीत. शेवटी पैसे. मध्येच मशीन सांगतं की तुमची तपासणी, त्याला इथे स्टीकप्रूफ म्हणतात, मग मुलगी येऊन पिशवीतल्या काही वस्तू परत स्कॅन करते. पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा मला पण मानसींच्या आईसारखंच वाटलं होतं, रंग बघून थांबवलं का असं. मग बघत राहिलो तर शेजारच्या डच आजींवर पण येते, सगळ्यांवर येते. तरी पहिल्या वेळचं ते वाटणं जात नाही.

पण इथे एक चांगली गोष्ट आहे. जम्बो नावाची सुपरमार्केट साखळी आहे, त्यांनी २०१९ मध्ये फ्लायमेन गावात क्लेट्सकासा सुरू केला, म्हणजे गप्पांचा टिल. पाटीच लावलीये, ज्यांना घाई नाही त्यांनी इथे या. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मुख्यतः, नंतर पुष्कळ दुकानांत केला. मी एकदा चुकून त्या रांगेत उभा राहिलो, पुढचे आजोबा कॅशियरला मांजराचे फोटो दाखवत होते आणि ती खरंच बघत होती, मागचं कोणी काही बोलत नव्हतं कारण सगळ्यांना माहीत होतं ही रांग कशाची आहे. मी त्या दिवशी घरी येऊन पुण्याला आईला फोन केला.

मानसी, तुमच्या दुकानाला पत्र लिहिणार असाल तर हे उदाहरण द्या. दुपारी दोन तास एक टिल, एवढंच मागा.

मानसी_रेडिंग | १७ जानेवारी, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय, सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, दोन संध्याकाळी लागल्या. ग्राहक पंचायतीचं वाचून ती एकदम खुलली, तिची धाकटी बहीण गोरेगावला होती संघात. यमन, तुमच्या मुलाचं वाचून म्हणाली, "मग मशीन असूच दे, मी आपली माझ्या रांगेत उभी राहीन."

रविवारची_भाजी ताई, गेल्या शनिवारी मी तिला घेऊन गेले. आधी पिशवीचं बटण, मग पिशवी, मग थांबायचं. मी दोन पावलं लांब उभी राहिले, मुद्दाम. केळी जमली, दूध जमलं. कोथिंबिरीला परत लाल दिवा लागला, जुडी हलकी असणार. या वेळी ती घाबरली नाही, हात वर करून उभी राहिली, शाळेत मुलं करतात तसा, आणि तोच मुलगा आला. आईने त्याला जुडी दाखवून म्हटलं, "नो वेट". तो हसला. मला त्या क्षणी कसं वाटलं ते लिहिता येत नाहीये.

दुकानाला पत्र दिलंय, त्यात क्लेट्सकासाचं लिहिलं, आणि दुपारचे दोन तास मागितले. मॅनेजरने घेतलं, बघतो म्हणाला. अजून काही उत्तर नाही. जर्सीकर, खालच्या कप्प्याचं लक्षात ठेवते, आमच्या घरातल्या सगळ्यांना सांगितलंय.

मी स्वतः काय करते ते पण लिहिते. घाईत असते तेव्हा मशीनवरच जाते, ते सुटणार नाही. पण आता संध्याकाळी टिल चालू असेल आणि पुढे दोनच माणसं असतील तर तिथे उभी राहते.

संक्रांतीला आईने तिळाच्या वड्या केल्या होत्या, त्यातल्या सहा एका डब्यात वेगळ्या काढून ठेवल्यात तिच्या मैत्रिणीसाठी. पण त्या बाई चार दिवस दिसल्याच नाहीत, आईचा जीव खालीवर. शेवटी आज मी त्या मुलालाच विचारलं. त्यांची शिफ्ट बदललीये, आता फक्त बुधवारी दुपारी असतात, बारा ते चार. मी बुधवारी घरून काम करते म्हणून साहेबांना कळवलंय. वड्या मऊ पडू नयेत म्हणून आईने डबा दोनदा बदललाय.